दसऱ्याला छापलेली चार पानं

प्रिंटरवर झेंडूचा हार होता. समोरच्या खुर्चीत सलीमभाई बसले होते. माझा लॅपटॉप सुरू होत नव्हता. सलीमभाईंची मुंबईची एसटी अडीच वाजता वाईहून सुटणार होती आणि घड्याळात साडेदहा झाले होते.

इरा, ओंकार, मागच्या रविवारी तुम्ही फोनवर विचारलंत, "आजी, आम्ही दिलेला प्रिंटर वापरतेस ना, की नुसता पुसून ठेवतेस?" तेव्हा मी "वापरते" एवढंच म्हणाले. खरं उत्तर मोठं आहे, म्हणून लिहून पाठवते आहे. गोष्ट मागच्या वर्षीच्या दसऱ्याची.

माझं काम तुम्हाला अर्धवटच माहीत आहे. सातारच्या कोर्टात मी एकतीस वर्षं भाषांतरकार होते. मराठी कागद इंग्रजीत करायचे, इंग्रजी मराठीत. निवृत्त झाल्यावर तेच काम वाईत घरी बसून करते. परदेशी जाणाऱ्यांना जन्माचे, लग्नाचे दाखले इंग्रजीत लागतात. नुसतं भाषांतर चालत नाही, ते प्रमाणित लागतं. म्हणजे प्रत्येक पानावर माझी शाईची सही, गोल शिक्का, आणि शेवटी 'हे भाषांतर मूळ कागदाप्रमाणे बरोबर आहे' असं माझं सर्टिफिकेट. हा कागद हातातच द्यावा लागतो. ईमेलने पाठवून भागत नाही.

सलीमभाई शिलाई मशीन दुरुस्त करतात. बाजारपेठेत त्यांचं लहानसं दुकान आहे. तुमच्या पणजीचं पायमशीन त्यांच्या वडिलांनी जपलं, नंतर त्यांनी. त्यांची मुलगी शिरीन मुंबईत नर्स आहे. तिला आयर्लंडमधल्या एका हॉस्पिटलात नोकरी मिळाली होती. व्हिसाचे कागद एकदा परत आले होते, कारण जन्माचा दाखला मराठीत होता. दुसरी अपॉइंटमेंट दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी होती. ती चुकली असती तर पुढची तारीख तीन आठवड्यांनी, आणि तोवर रुजू व्हायची मुदत संपली असती.

शिरीनचा जन्म दहिवडीचा. तिच्या आईचं पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून नोंद तिथली. ती हाताने लिहिलेली जुनी नोंद शोधून, नक्कल घेऊन सलीमभाई नवमीच्या सकाळी माझ्याकडे आले.

"मॅडम, दोन दिस दहिवडीत बसून आणलाय ह्यो कागुद. आता तुमच्या हातात."

मी लगेच बसले. दुपारपर्यंत चार पानं टाइप करून दोनदा तपासली. मग माझ्या नेहमीच्या नियमाप्रमाणे पीडीएफ करून स्वतःलाच ईमेल केली. फाइल बंद करण्यापूर्वी तिची दुसरी प्रत दुसऱ्या जागी ठेवायची, ही कोर्टातली सवय.

इथवर सगळं बरोबर केलं. पुढची चूक माझी. मी तेव्हाच छापायला हवं होतं. पण नवमी होती आणि पूजा राहिली होती. आपल्याकडे खंडेनवमीला कामाच्या हत्यारांची पूजा होते. शेतकरी विळा-कोयता मांडतो, सुतार करवत. मी शब्दकोश, पेन, शिक्का मांडते, आणि अलीकडे लॅपटॉप आणि प्रिंटरही. पूजेला बसवलेल्या वस्तूला दसऱ्याची संध्याकाळ होईपर्यंत कामाला लावायचं नाही, हा सासूबाईंचा शिरस्ता. पण दसऱ्याला सकाळी छापून देते असं मी सलीमभाईंना कबूल करून बसले होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या ठरू शकत नाहीत हे मला, आयुष्यभर इतरांचे परस्परविरोधी जबाब भाषांतरित करणाऱ्या बाईला, सुचलं नाही.

आणि सकाळी लॅपटॉप उघडला तर पडदा काळाच. चार्जर बदलून पाहिला. प्लग बदलून पाहिला. काही नाही.

"आता वो?" सलीमभाई म्हणाले.

"फाइल फोनमध्ये आहे. चौकात झेरॉक्सच्या दुकानात जाऊ."

गेलो. पहिल्या दुकानाचं शटर खाली. दुसऱ्या दुकानात मालक नवा सदरा घालून उभा होता, पण मशीनवर हार, समोर नारळ.

"चारच पानं आहेत," मी म्हणाले.

"मॅडम, मशीन पूजेला बसवलंय. आज बटण दाबलं तर आई घरात घेणार नाही."

"अहो, एका मुलीच्या नोकरीचा प्रश्न आहे."

"मला समजतंय हो. पण तुमच्या घरचं मशीन आज तुम्ही चालवलं असतंत का?"

मला राग आला, आणि मी वळून घराकडे चालू लागले. त्याच्या मशीनवर होता तसाच हार माझ्या प्रिंटरवर होता.

घरी आल्यावर मी सरळ हाराला हात घातला. सलीमभाई उठून उभे राहिले.

"ऱ्हाऊ द्या मॅडम. माझ्यापायी तुमची पूजा मोडायला नगं. मी शिरीनला सांगतो, बघू काय हुतंय ते."

"बघू काय होतंय म्हणजे? तीन आठवडे होतंय."

"तरीबी. आमच्या वडिलांनी शिकवलंय. नवमीला कुणाच्या मशिनीला हात लावायचा न्हाई. आन नंतरबी, हळदकुकू लागलेली मशीन आली तर आदी तिला हात जोडायचा, मग पेचकस लावायचा. मी आजवर तसंच करतोय."

माझ्या देवाची काळजी ते करत होते आणि माझ्या हातून झालेल्या उशिराची शिक्षा त्यांच्या मुलीला होणार होती. मी हार काढून देव्हाऱ्यात ठेवला. देवासमोर एक मिनिट उभी राहिले. काय म्हणाले ते माझ्याजवळच राहू द्या.

आता प्रश्न प्रिंटरचा. इरा, तू तो जोडून दिलास तेव्हा म्हणाली होतीस, "आजी, वायर कशाला? वायफायवर फोनवरून प्रिंट निघते." मी म्हणाले होते, "वायर डोळ्यांना दिसते. दिसतं त्यावर विश्वास ठेवता येतो." तू हसलीस आणि तरीही माझ्या हिरव्या वहीत शेवटच्या पानावर वायफायचं नाव आणि पासवर्ड लिहून ठेवलास. त्या दिवशी ती वही कपाटातून काढताना मी तुझे आभार मानले. तिकडे परदेशात तुमच्याकडे तेव्हा मध्यरात्र होती, म्हणून फोन केला नाही.

ओंकार, तुला माहीत नसेल तर सोपं करून सांगते. फोन आणि प्रिंटर एकमेकांशी थेट बोलत नाहीत. घरातला वायफायचा डबा, म्हणजे राऊटर, दोघांच्या मध्ये असतो, कोर्टात दुभाषी असतो तसा. दोघांनाही आधी त्याच्यापाशी जावं लागतं. फोन गेलेला असतो. प्रिंटरला न्यावं लागतं.

मी फोनवर प्रिंटर कंपनीचं अॅप उतरवून घेतलं. अॅप म्हणालं, 'प्रिंटर शोधत आहे.' मग म्हणालं, 'सापडला नाही.' तीनदा हेच. खाली सूचना होती: वायरलेसचं बटण पाच सेकंद दाबून धरा, निळा दिवा लुकलुकू लागेल. मी दाबून धरलं. दिवा लागेना.

"दिवा कुटं असतोय?" सलीमभाईंनी विचारलं.

"बटणाच्या वर. इथे मधोमध."

दोघंही वाकलो. मधोमध माझ्या हातचं ठसठशीत हळदकुंकू होतं. प्रिंटरला कपाळ नसतं. मला जी जागा कपाळासारखी वाटली, तिथे मी ते लावलं होतं.

"आवं मॅडम, तुमी त्येचा डोळाच लिंपलाय की!"

ओल्या फडक्याने पुसलं. खाली निळा दिवा शांतपणे लुकलुकत होता. तो बहुधा बटण दाबल्यापासूनच लुकलुकत असावा.

पुन्हा शोधलं. या वेळी प्रिंटर सापडला, पण वायफायला जोडला जाईना. 'नेटवर्क जुळत नाही.' पासवर्ड दोनदा घातला, एकेक अक्षर मोठ्याने वाचून. तेच उत्तर. तेव्हा वहीतल्या पानाच्या तळाशी इराची एक ओळ दिसली: 'घरात दोन नेटवर्क आहेत. प्रिंटरला फक्त साधं चालतं. 5G असं शेपूट असलेलं नको.' आमचा राऊटर दोन प्रकारच्या लहरी सोडतो, एक वेगवान पण जवळच पोचणारी, एक संथ पण लांब जाणारी. स्वस्त प्रिंटरला संथच कळते. माझा फोन वेगवान नेटवर्कवर होता. मी तो साध्यावर आणला, पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. दिवा लुकलुकायचा थांबला आणि स्थिर झाला. बारा वाजून दहा मिनिटं.

"झालं का?"

"झालं असावं." कोर्टात निकाल वाचून होईपर्यंत मी कधी 'झालं' म्हटलं नाही.

फाइल उघडली, प्रिंट दाबलं. मागच्या खोलीत जाऊन मुद्दाम लांबून दाबलं, वायर नाही हे स्वतःला पटवायला. बाहेरच्या खोलीतून घरघर ऐकू आली, मग करकर, मग शांतता. सलीमभाई म्हणाले, "मॅडम, ह्येनं कागुद चावला."

पान तिरकं ओढलं जाऊन चुरगळलं होतं. ओढून काढलं, दुसरं घातलं. तेच. अॅपवर 'पेपर जॅम' दिसत होतं, म्हणजे कागद अडकला आहे. पण आत कागदाचा तुकडाही नव्हता. साडेबारा झाले. तेवढ्यात शिरीनचा फोन आला.

"अब्बा, निघालात का?"

"निघतोय गं. मॅडम छापत्यात. तू जेवून घे." फोन ठेवून ते माझ्याकडे बघेनात. त्या वेळी मला पहिल्यांदा भीती वाटली.

मी मोबाइलचा टॉर्च लावून कागद जातो त्या फटीत पाहिलं. काळ्या रबरी रुळाखाली काहीतरी तांबूस दिसलं. तांदळाचा दाणा. कुंकवात भिजवलेली अक्षता. काल मी मूठभर अक्षता प्रिंटरवर वाहिल्या होत्या, आणि कागद ठेवायची फट उघडीच होती.

मी विणायच्या सुया आणायला उठले.

"सुई नगं. रबराला चिरा पडल," सलीमभाई म्हणाले. सदऱ्याच्या खिशातून त्यांनी वीतभर लांब, बारीक टोकाचा चिमटा काढला. मशीनच्या बॉबिनमध्ये अडकलेला दोरा काढायचा चिमटा. डॉक्टर स्टेथोस्कोप विसरत नाहीत तसे ते तो विसरत नाहीत. मुंबईला निघतानाही तो खिशात होता.

त्यांनी प्रिंटरचा प्लग काढला. दोन्ही हात जोडले. मग हळूच "बिस्मिल्ला" म्हणाले आणि चिमटा आत घातला. मी टॉर्च धरला. त्यांचा हात जरासुद्धा हलत नव्हता. पहिला दाणा बाहेर आला, मग दुसरा. एकूण सात निघाले. प्रत्येक दाणा त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला, जमिनीवर टाकला नाही. शेवटी प्रिंटर उलटा धरून हलवला आणि कान लावून ऐकलं.

"आता मोकळा हाय."

चारही पानं सरळ, स्वच्छ बाहेर आली. मी सह्या केल्या. शिक्का मारला आणि पहिल्याच पानावर गोल ठशाच्या कडेला पिवळी छटा उमटली. शिक्क्यालाही हळद लागलेली होती.

"चालंल की मॅडम. शुभच हाय."

"व्हिसाच्या ऑफिसरला शुभ कळत नाही." शिक्का धुतला, पुसला, ते एकच पान फोनवरून पुन्हा छापलं. पाच सेकंदांत. वायर नसल्याचं मला त्या क्षणी पहिल्यांदा कौतुक वाटलं.

पावणेदोनला सलीमभाई निघाले. मी पुऱ्या आणि बटाट्याची भाजी डब्यात दिली. दारात ते थांबले.

"मॅडम, ते पिवळं पान टाकू नगा. मला द्या."

एसटी त्यांना मिळाली. शिरीनचे कागद दुसऱ्या दिवशी स्वीकारले गेले. नाताळच्या आधी ती रुजू झाली. पहिल्या आठवड्यात तिने मला वॉर्डमधला फोटो पाठवला. मी तो छापला, अर्थात फोनवरून, आणि सलीमभाईंना दुकानात नेऊन दिला. दुकानातल्या कपाटाच्या दाराला आतून ते पिवळ्या कडेचं पान चिकटवलेलं होतं. त्याच्या शेजारी त्यांनी फोटो लावला.

लॅपटॉप नंतर दुरुस्त झाला. वायर मी पुन्हा जोडली नाही. त्या दिवशी माझ्या चुकीचं ओझं तिघांनी उचललं. एका नातीने वहीत एक जास्तीची ओळ लिहिली होती, एका मेकॅनिकने खिशात चिमटा ठेवला होता, आणि देवाने बहुधा दुर्लक्ष केलं.

यंदा नवमीच्या आदल्या दिवशी सलीमभाई घरी आले. काखेत कापडाची गुंडाळी. त्यांनी प्रिंटरसाठी खोळ शिवून आणली होती. जाड निळं कापड, चारही बाजूंनी नीट बसणारं. वर मधोमध बोटभर जागा मोकळी सोडून काठ शिवला होता, आतला दिवा दिसावा म्हणून.

"आता वरून काय वाहायचं ते वाहा," ते म्हणाले. "फकस्त कुकू हितं नगं."

मी पूजा खोळीवर केली. पण त्याआधी, सकाळीच, हातात होती ती सगळी कामं छापून घेतली.