अर्धं राहिलेलं वाक्य

बुधवारी सकाळी दादा ऑफिसात गेला आणि तिथेच वारला.

त्याआधीच्या रविवारी वाकोल्याच्या मैदानावर बेसबॉलच्या सामन्यात तो पंच होता. इंग्रजी नियम पोरांना कळावेत म्हणून मी मराठीत उतरवून, सायक्लोस्टाइल करून वाटले होते. चेंडू टोलवून पहिल्या बेसकडे धावणाऱ्यासाठी शेवटच्या अर्ध्या अंतरात तीन फुटांची पट्टी चुन्याने आखतात. मी लिहिलं होतं, ‘पट्टीबाहेर धावल्यास बाद.’ आमची पोरं कबड्डीत वाढलेली. रेघ ओलांडली की बाद, हे त्यांच्या अंगातच होतं. माझ्याही.

शेवटच्या डावात एक जण पट्टीबाहेरून धावला. त्याला बाद करायला मागून फेकलेला चेंडू पहिल्या बेसवर चेंडू घ्यायला उभ्या खेळाडूच्या डोक्यावरून दोन हात उंच गेला. दादाने ‘सेफ’, म्हणजे नाबाद, दिलं. तेवढ्यात तिसऱ्या बेसवरचा गडी ‘होम’वर, म्हणजे शेवटच्या बेसवर, पोचला आणि त्या विजयी धावेने सामना संपला.

“ओ पंच, जावई लागतो का तो तुमचा?”

“रेघेबाहेर होता ना! तुमच्याच भावाने लिहिलंय, वाचा!” हरलेल्या संघाचा कप्तान माझा कागद नाचवत होता.

दादाने माझ्याकडे एकदा पाहिलं. चूक माझी आहे, हे त्याने कुणाला सांगितलं नाही. घरी चहा घेताना म्हणाला, “अर्धं वाक्य राहिलंय रे तुझं. नुसतं बाहेर गेल्याने बाद नाही होत. चेंडू घेणाऱ्याला अडथळा झाला पाहिजे. तो चेंडू कुणाच्या बापाला मिळाला नसता.”

“येत्या रविवारी सांगतो सगळ्यांना,” मी म्हणालो.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी चुन्याची पिशवी घेऊन मैदानावर गेलो. डोक्यावर अजून केस नव्हते. पोरं बाजूला झाली. मी पट्टी आखली, कप्तानाला बेसवर उभं केलं, एकाला पट्टीबाहेरून धावायला लावलं. मी मागून फेकलेला पहिला चेंडू धावणाऱ्याच्या पाठीत बसला.

“बाद,” कप्तान म्हणाला.

दुसरा मी मुद्दाम कप्तानाच्या डोक्यावरून फेकला. तो वर बघत राहिला.

“आता?”

“सेफ.” मग थांबून म्हणाला, “मास्तर, म्हणजे दादा बरोबर होते. त्या दिवशी का नाही बोललात?”

“लाज वाटली.”

त्याने खिशातून तो कागद काढला आणि माझ्याकडे पेन मागितलं.

तो कागद आता माझ्याकडे आहे. माझ्या वाक्यापुढे कप्तानाच्या अक्षरात उरलेलं अर्धं वाक्य आहे.