आंबेखिंडीतली पाचर

मिरजेहून पुण्याकडे जाणारी सकाळची गाडी सुटली तेव्हा हत्यारांची पेटी माझ्या पायाशी होती. शेजारच्या गृहस्थांनी कुठे निघालात म्हणून विचारलं. मी रहिमतपूर म्हणालो आणि खिडकीबाहेर पाहू लागलो. कशाला, ते सांगितलं नाही. सांगलीत मला मोटारी दुरुस्त करणारा म्हणून बरेच जण ओळखतात, आणि कमी बोलणारा म्हणूनही. या वेळी कमी बोलण्याला कारण होतं.

कृष्णाकाठचा ऊस कऱ्हाडपर्यंत सोबतीला होता. पुढं डोंगर बोडके होत गेले. फाल्गुन संपत आला होता, शेतं उघडी पडली होती, आणि मसूरच्या पुढं तर पाखरूही दिसेना. रहिमतपूरला उतरलो तेव्हा स्टेशनाबाहेर तुका बैलगाडी घेऊन उभा होता. ज्यांच्या जीपसाठी मला बोलावलं होतं त्या सुभेदारांचा हा पुतण्या. त्याचा थोरला भाऊ दगडू फौजेत ड्रायव्हर होता. लढाई संपल्यावर घरी आला आणि चुलत्याची जीप चालवू लागला. पावसाळा सरता सरता तो आंबेखिंडीच्या वळणावर जीपसकट खाली गेला आणि मेला. जीप मात्र शाबूत राहिली. बैल जुंपून ती वर ओढून काढली.

जीप का आणली नाही, असं मी तुकाला विचारलं. तो बैलांकडे बघत म्हणाला, "तिला आवसंपातुर हात लावायचा न्हाई."

खिंडीत पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. दोन्ही बाजूंना काळा कातळ, मध्ये चढता रस्ता, आणि एका ठिकाणी रस्ता एकदम डावीकडे वळतो. वळणाच्या आतल्या बाजूला तिथं दरी, आणि कठड्याचे दगड ढासळलेले होते. तुकानं गाडी थांबवली, विडी पेटवली, एक झुरका घेतला आणि जळती विडी एका दगडावर ठेवली. विडी संपेपर्यंत जायचं नाही, असा आता तिथला रिवाज पडला आहे, असं तो म्हणाला. वारा नव्हता. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचाही आवाज नव्हता. विडी ओढली नाही की विझते, हे विडी ओढणारा कुणीही सांगेल. ती विझली नाही. टोक मधूनमधून लाल होत गेलं आणि ती शेवटपर्यंत जळली. मी याचा उलगडा करू शकत नाही आणि करायचा प्रयत्नही केला नाही.

पुढच्या वाटेवर तुका थोडा मोकळा झाला. भावाच्या मागं त्यानं जीप एकदाच खिंडीतून उतरवली होती. वळणावर हातातलं चाक फिरवलं, ते फिरलेलंच राहिलं. त्यानं ब्रेकवर उभं राहून गाडी कशीबशी थांबवली.

"हात हुता त्यो," तुका म्हणाला. "मी इकडनं वडतुया, त्यो तिकडनं धरतुया. आमच्या दादाचा जोर मला ठावं हाय."

चाक का परतलं नाही हे मला ठाऊक होतं.

सुभेदारांच्या घरी माडगं (हुलग्याच्या पिठाचं पातळ कढण), भाकरी आणि लसणीची चटणी असं जेवण झालं. सुभेदार ब्रह्मदेशात लढलेले, ताठ, मिशा पिळलेल्या. ते ताटावरूनच म्हणाले, "मिस्त्री, तुमचं काम सोपं हाय. बॅटरी बसलीया. इंजन चालू करून द्या. बाकीचं देवरुषी बघून घील."

बाकीचं म्हणजे काय, ते त्यांनी हुकूम सांगावा तसं सांगितलं. दगडूला बायको हवी आहे, म्हणून तो गाडी सोडत नाही, असं देवरुषी (भूतबाधा उतरवणारा) म्हणाला होता. उद्या अमावास्या. दगडूची बायको हौसा हिला ओटी भरून जीपमध्ये बसवायची आणि तुकानं खिंड उतरवून तिला पलीकडे माहेरी सोडायची. तिला बघितलं की तो हात काढून घेईल. ती परत येणार नाही, हे न बोलताच ठरलं होतं.

हौसा गोठ्याच्या उंबऱ्याशी बसली होती. तिला सगळं ऐकू जात होतं.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते सांगतो. डिस्पोजलमध्ये (लढाईनंतरच्या लष्करी विक्रीत) घेतलेली ही जीप सुभेदारांनी सांगलीला माझ्याकडे आणली होती. ओढ्यातल्या धोंड्यांना पोट घासतं, म्हणून वर उचलून द्या म्हणाले. मी पाट्यांवर (स्प्रिंगांच्या पट्ट्यांवर) बसलेला ॲक्सल पाट्यांखाली घेऊन गाडी चांगली वीतभर उंच केली. इंजिन वर गेलं, ॲक्सल खाली राहिला, आणि दोघांना जोडणारा पुढचा शाफ्ट घसरगुंडीसारखा तिरका झाला. गाडीनं वेग घेतला की तो घुमायचा. दगडू दोन वेळा तक्रार घेऊन आला. म्हणाला, "मिस्त्री, गाडी कण्हतीया." तेव्हा मी ॲक्सल आणि पाट्याच्या मध्ये लोखंडी पाचर ठोकली, ॲक्सलचं तोंड वर केलं, शाफ्ट सरळ आला. आवाज गेला. दगडू खूश झाला.

पण चाकं ज्या खिळीवर वळतात ती खीळ त्याच ॲक्सलला असते. सायकलचा पुढचा चिमटा बघा, वरून थोडा मागं कललेला असतो. म्हणून तर हात सोडून सायकल चालवता येते. चाक आपण होऊन सरळ येतं. मोटारीची खीळही तशीच मागं कललेली लागते. माझ्या पाचरीनं ती पुढं कलली. चाक एकदा वळलं की परत यायचं विसरलं. सपाटीवर सरळ जाताना ते जाणवत नाही. दगडू गेल्याची बातमी आली त्याच रात्री मला ते कळलं, आणि मी गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपखाली शिरलो. बोनेटवर हळदकुंकू, आरशाला लिंबू. खाली माझी पाचर, माझ्याच छिन्नीच्या खुणा असलेली. बॅटरीला लागतो तेवढा वेळ आणि वर थोडा, एवढ्यात पाचर उलटी बसत होती. मी ती उलटी केली, खीळ मागं कलवली. शाफ्ट आता पुन्हा घुमला असता, म्हणून तो काढूनच ठेवला. जीप मागच्या चाकांवर चालते. वरून पाहणाऱ्याला काही कळलं नसतं. आता गप्प राहिलो तर गाडी सुखरूप उतरेल, देवरुषी खरा ठरेल, मी सुटेन. हौसा मात्र मेलेल्या नवऱ्यानं मागून घेतलेली बाई म्हणून जन्मभर माहेरच्या ओट्यावर बसेल. खोटं वाटेल, पण मी बराच वेळ तिथं खालीच पडून होतो.

दिवस कलताना मी सुभेदारांना म्हणालो, गाडी मी चालवतो. त्यांनी मान डोलावली. लष्करी जीप, चाक डावीकडे. मी डावीकडे, हौसा शेजारी, मांडीवर ओटीचा नारळ. मागं सुभेदार आणि तुका. खिंडीत सावल्या उतरल्या होत्या. वळण आलं. मी वेग अगदी कमी केला, चाक उजवीकडे फिरवलं आणि वळण संपताच दोन्ही हात उचलून धरले.

चाक आपलं आपण फिरलं आणि सरळ येऊन थांबलं.

मागं तुकानं हात जोडले. आरशात पाहिलं तर सुभेदार रिकाम्या कठड्याला सलाम ठोकत होते. चूक होती तेव्हा भुताचा हात नुसता कल्पनेत होता. चूक सुधारल्यावर तो सगळ्यांना डोळ्यांनी दिसला.

हौसा माझ्या उचललेल्या हातांकडे बघत होती. "आता कोन फिरवतंय?" तिनं विचारलं.

मी जीप थांबवली आणि सगळं सांगितलं. पाचर, सायकलचा चिमटा, माझं गप्प बसणं, सगळं. सुभेदार हसले. "मिस्त्री, भ्यालासा व्हय? जपानी तोफंम्होरं बी मान्सं अशीच बरळायची." तुका खाली उतरून कठड्यापाशी जाऊन उभा राहिला. हौसानं मात्र नारळ मांडीवरून खाली ठेवला.

"त्यांनी ते चाक मागारी वडलं असंल का?"

"ओढलं असणार. दोन्ही हातांनी. वेळ पुरला नाही."

"म्हंजी त्यांस्नी जायाचं न्हवतं."

"नाही."

तिनं ढासळलेल्या कठड्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "मला माहेरी सोडू नगा. गाडी मागं घ्या. ह्येच गावात सांगा, समद्यांम्होरं."

मी गावात जाऊन सांगितलं. काहींनी ऐकलं, काही उठून गेले. देवरुषी म्हणाला की भूतच मिस्त्रीच्या तोंडून बोलतंय. सुभेदारांनी मला पुन्हा जेवायला म्हटलं नाही. हौसा मात्र सासरच्या घरात, चुलीशी जाऊन बसली, आणि तिला तिथून कुणी उठवलं नाही.

सकाळी मला पोचवायला बैलगाडी नव्हती. पेटी खांद्यावर घेऊन खिंड पायी ओलांडली. अर्ध्या वाटेवर मागून शाफ्ट घुमल्याचा आवाज आला. तो शाफ्ट मी स्वतः काढून सुभेदारांच्या पडवीत ठेवला होता. मी वळून पाहिलं नाही. पाय मात्र भराभर उचलले.

सांगलीला परतलो तेव्हा लोकांनी विचारलं, साताऱ्याकडचा मुलूख कसा वाटला. मुलूख चांगला आहे. माणसं कडक आहेत, पण खरं ऐकून घेतात, निदान एखाददुसरं माणूस तरी. सांगायला मी इतके महिने घेतले, हे त्या मुलखाचं नव्हे, माझं.

हे वर्णन मी छापायला देतो आहे त्याला एक कारण आहे. त्या एका हंगामात मी आणखी काही जीप अशाच उंच केल्या, आवाज येतो म्हटल्यावर अशाच पाचरी ठोकल्या. काही वारणेकाठी गेल्या, एक विट्याकडे, बाकीच्या हातोहात विकल्या गेल्या आणि आता कुणाकडे आहेत मला ठाऊक नाही. आपल्याकडे माझ्या हातची जीप असेल तर मोकळ्या माळावर हळू चालवा, चाक वळवा आणि हात सोडून द्या. ते आपण होऊन परत आलं नाही, तर खाली उतरा, बायकामुलांना उतरवा आणि मला निरोप धाडा. मी पेटी घेऊन येईन. आणि आजवर त्या गाडीनं काही केलं असेल, तर ते कुणाच्या हातानं केलं, हे आधी सांगेन, मग खाली शिरेन.