माधवरावांनी न केलेली सही

हॅम्बर्गच्या बंदरातल्या फेरीबोटीवर माधवराव मला शेवटचे भेटले. पाऊस होता, तरी आत बसायला तयार नव्हते. आत कोणाला मराठी समजलं तर... पुढे महिनाभरातच त्यांच्या पत्नीचा, नलिनीताईंचा फोन आला. "हे गेले." झोपेतच हृदय थांबलं होतं.

डोंगराचा उतार कधी घसरेल हे ओळखणं हा त्यांचा व्यवसाय. इथल्या एका लहान जर्मन कंपनीत ते होते. चीनमधून पाकव्याप्त काश्मीरमार्गे समुद्राकडे जाणारा रस्ता रुंद करायचं काम कंपनीकडे आलं. दिल्लीचा त्याला विरोध. पलीकडे तोच प्रतिष्ठेचा. आलेल्या फोटोंत माधवरावांना एका उतारावर भेगा दिसल्या आणि बरोबर त्याखाली मजुरांचे तंबू.

"मग लिहा ना तसं," त्यांच्या स्वयंपाकघरात मी म्हणालो होतो.

"भारतीय माणूस सांगतोय काम थांबवा, तंबू हलवा... कोण ऐकेल? म्हणतील, दिल्लीने लिहून घेतलं. आणि आपल्याकडे कळलं, तर शत्रूचा रस्ता सावरला म्हणतील. पुण्यात आई एकटी आहे हो."

"भाजीवालीलासुद्धा तोंडावर खरं सांगणारे तुम्ही," नलिनीताई म्हणाल्या, "आणि सहीला घाबरता?"

"घाबरतोच आहे."

शेवटी त्यांच्या अहवालावर उटे नावाच्या सहकारी बाईंनी स्वतःची सही केली. तंबू हलले. माधवरावांची भीती मात्र हलली नाही. फेरीबोटीवर कठडा घट्ट धरून ते हळूच म्हणाले, "उतार कोसळला नाही तर विचारतील, हे कोणाच्या डोक्यातून निघालं... आणि कोसळावा असं तरी कसं म्हणू?"

ते गेल्यानंतर काही आठवड्यांनी उतार कोसळला. खाली कोणी नव्हतं. उटे नलिनीताईंच्या घरी आल्या; आता तरी ऑफिसात सगळ्यांना खरं नाव सांगू द्या, म्हणाल्या. मीही तिथेच होतो. "नको," नलिनीताई म्हणाल्या. "सासूबाई आहेत अजून." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही लिहा त्यांच्यावर. पण आडनाव नको."

म्हणून ते इथे नाही. बाकीची नावंही मी बदलली आहेत. त्यांच्या दारावरच्या बेलपाशी मात्र, इथल्या रीतीप्रमाणे, फक्त आडनावच आहे. परवा मी निघालो तेव्हा नलिनीताई स्वेटरच्या बाहीने त्यावरचं पावसाचं पाणी पुसत होत्या.