कस्तुराबाईच्या घरचं पान

बोरीजवळच्या त्या गावात पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी बुद्धविहारात धम्मग्रंथाचं वाचन होतं. आज या घरानं एक पान वाचायचं, उद्या त्या घरानं. कस्तुराबाईच्या घरची पाळी आली की शेजारची संघप्रिया वाचायची आणि कस्तुराबाई शेजारी पदर सावरत बसून राहायच्या. पन्नाशी उलटली, तरी मनात एकच गोष्ट सलत होती. आपल्या घरचं पान आपण वाचायचं.

त्यासाठीच त्या शाळेतल्या प्रौढांच्या वर्गाला जात. शिकवणारी धम्मशीला गावचीच, पदवी घेऊन घरी बसलेली. वर्ग पोळ्यानंतर सुरू व्हायचा. अक्षरं जरा ओळखीची होतात तोवर दसरा यायचा, आणि मजूर नेणाऱ्या मुकादमाची गाडी कस्तुराबाईंना नि त्यांचे मालक आश्रुबा यांना ऊसतोडीला घेऊन जायची. मार्चमध्ये परीक्षा, तेव्हा कस्तुराबाई उसाच्या फडात. पाडव्याला परतल्यावर उसाच्या पाचटानं चिरलेल्या बोटांत पेन्सिल पुन्हा परकी. पुढच्या पोळ्याला पुन्हा पहिलं पान. अशी किती वर्षं गेली.

यंदा परतल्या तर शाळेच्या भिंतीवर नवा फलक होता. धम्मशीलानं खाली मान घालून वाचून दाखवला. गाव पूर्ण साक्षर झालं होतं.

कस्तुराबाई तडक मुख्याध्यापक दत्तरावांकडे गेल्या.

"सर, परीक्षेला बसलं कोण?"

"जे गावात होते ते."

"म्हंजी सगुणाबाईची सून बी बसली? ती तर धाव्वी पास हाय."

दत्तराव हसले. "वरून आकडा मागतात, आत्या. तुम्ही सगळ्या ऊस तोडायला कोयत्यावर. मी कुणाला बसवू?"

"मंग मी कशात मोडते?"

"आता वर्ग बंद झालाय. नवी योजना आली की पहिलं तुमचं नाव घालतो."

"माझं नाव लय वेळा घातलंय, सर. मलाच तेवढं घालायचं ऱ्हायलंय."

घरी आश्रुबा म्हणाले, "सोड की. वाचून कुठं कलेक्टर व्हायचंय तुला?"

"तुमाला काय, तुमी वाचनाला बसल्या बसल्या पेंगता," म्हणत कस्तुराबाईंनी भाकरी जरा जोरातच थापली.

आषाढी पौर्णिमेनंतर त्यांच्या घरची वाचायची पाळी आली. संघप्रियानं नेहमीसारखा ग्रंथाकडे हात केला. कस्तुराबाईंनी तो मांडीवरून हलू दिला नाही.

"आज न्हाई, माय. गाव साक्षर झालंय म्हणं. मंग माझं पान दुसऱ्यानं कामून वाचायचं?"

त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. एकेक अक्षर जुळवत पहिली ओळ झाली. दुसरीत अडकल्या. मागून कुणी जांभई दिली, कुणी शब्द पुरवला.

"थांबा," त्या म्हणाल्या. "मला येऊ द्या."

दिवा मंद झाला तरी तिसरी ओळ संपली नव्हती. शेवटी विहारातल्या वडीलधाऱ्यांनी उरलेलं उद्यावर ढकललं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तोंडं वाकडी झाली, कारण पान पुरं झाल्याशिवाय पुढच्या घराची पाळी लागत नव्हती.

धम्मशीला म्हणाली, "आत्या, दुपारी माझ्याकडं येत जा. मी शिकवते."

"येते. आन दसऱ्याला गाडी आल्यावर?"

कस्तुराबाईंनी अर्धवट राहिलेल्या पानात खूण म्हणून दोरा ठेवला आणि त्या घरी निघाल्या.