काशीच्या कानांची खोली

दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी आतल्या खोलीत टेपचं हेड पुसत बसलो होतो. फोन माझ्या शेजारीच वाजत होता म्हणे. मला ऐकू आला नाही. सून वैशाली अंगणातून धावत आली, तिनं तो उचलला, ऐकला, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिचं तोंड बघून मला कळलं. काशी, माझी बायको, दुसऱ्या दिवशी घरी यायची होती, डॉक्टरनं तसं सांगितलं होतं. आदल्या दिवशी शहापूरच्या त्या दवाखान्यात ती माझ्या कानाशी तोंड आणून ओरडली होती, "खोली झाडून ठेवा, आल्याबरोबर बसनार मी." पलीकडच्या खाटेवरची बाई हसली. तेच आमचं शेवटचं बोलणं… याला आता पाच आठवडे झाले.

भेटायला येणारे लोक म्हणतात, साधी बाई होती बिचारी. साधी नव्हती आणि बिचारी तर अजिबात नव्हती. तिच्यासारखे कान मी दुसऱ्या कुणाचे बघितले नाहीत, आणि मी जन्मभर आवाजाचाच धंदा केलाय. खर्डीपासून आत आमचं गाव. लग्नात, सत्यनारायणाला, जत्रेत माझे भोंगे लागायचे. एकदा मुरबाडकडच्या एका लग्नात मी भोंगे बांधून खाली उतरलो, तर हातात पाण्याची कळशी घेतलेली एक पोरगी थांबून म्हणाली, "तुमचा डावीकडचा भोंगा फाटलाय." मी म्हटलं, नवा आहे. ती म्हणाली, "मंग नवाच फाटका घेतलात." उतरवून बघितलं तर आतला पडदा केसाएवढा चिरलेला. ती काशी. पुढच्या वर्षी आम्ही लग्न केलं, तिच्या आईला न विचारता.

तिची आई धवळारीण होती. आमच्याकडं लग्नात धवळे म्हणणारी बाई लागते, ती गायल्याशिवाय हळद लागत नाही. सासूबाईचा गळा असा की मांडवाबाहेर गाडीचे बैल कान टवकारायचे. आणि माझ्या भोंग्यांचा तिला भयंकर राग. भोंगे आले आणि लग्नात बायकांचं गाणं ऐकेनासं झालं, हे तिचं म्हणणं, आणि ते खरं होतं. आम्ही पळून लग्न केल्यावर तिनं घरात सांगून टाकलं, "त्या भोंगेवाल्याचं नाव माझ्या दारात काढायचं नाय." कुणी काढलंही नाही. काशी माहेरी जायची, पण आई तिच्याशी कामापुरतंच बोलायची.

मग धाकट्या मेहुणीचं, मंजुळेचं लग्न निघालं. सासऱ्यानं गुपचूप मलाच भोंगे सांगितले. सासूनं माइक हातात घ्यायला नकार दिला आणि तशीच गायला बसली. काशीनं माझा टेपरेकॉर्डर चालू करून लुगड्यात गुंडाळून आईच्या बाजेखाली ठेवला आणि स्वतः मागं भाताची चूल बघायला गेली. धवळ्यात आई आपल्या लेकींची नावं घेते, मोठीपासून. चांगुणा, मग मधली काशी, मग नवरी मंजुळा. माझी वायर कमी पडली म्हणून मी जनरेटर ओढून मांडवाच्या कुडाला लावला होता. नेमकं मधल्या नावाच्या वेळी त्यानं घरघर वाढवली. घरी येऊन टेप लावला तर चांगुणा ऐकू येते, मंजुळा ऐकू येते, आणि मध्ये नुसता माझा जनरेटर.

"आयनं माझं नाव घेतलं का गाळलं?" काशीला एवढंच पाहिजे होतं. मंजुळेला विचारलं तर ती म्हणाली, "गो, मी रडत होते का मोजत होते?" आईला विचारायची काशीची हिंमत झाली नाही. पुढची भातकापणी यायच्या आत आई गेली.

ही खोली त्या एका नावासाठी आहे. पहिल्यांदा मी माझेच भोंगे लावले, त्यात जनरेटर आणखी मोठा झाला. मग एका बंद पडलेल्या थेटरातले दोन लाकडी डबे आणले, माणसाच्या कमरेएवढे, आणि सवयीप्रमाणे दाराकडं तोंड करून ठेवले. काशी खोलीत बसली आणि आवाज निघाला गावात. म्हणाली, "अवं, ऐकायचंय मला, का पाटलाला?" इतकी वर्षं आवाज लोकांकडं फेकायची सवय… घरातल्या माणसाकडं तोंड करून डबा ठेवायचा असतो, हे मला पन्नाशीत कळलं.

कल्याणच्या एका दुरुस्तीवाल्यानं नवा अँप्लिफायर जोडून दिला. काशी मधोमध खुर्चीवर बसली, डोळे मिटले, आणि म्हणाली, "गानारी बाई मधी बसत नाय. एक पाय त्या भिताडाला, एक या." तो हसला. "मावशी, मशीन बरोबर आहे, तुमी कान साफ करा." "कान साफ हायेत रे, तू तार बघ." एका डब्याची तार उलटी लागलेली निघाली. लाल काळ्याला, काळी लालला. ती सरळ केली तशी तिनं हवेत बोट दाखवलं, दोन डब्यांच्या बरोबर मध्ये, जिथं काहीच नव्हतं. "आता बसली." त्यानंतर तो माणूस दुसऱ्यांची मशीनं जोडून झाल्यावर फोनवर आवाज ऐकवून काशीला विचारायचा, मावशी, बसली का? ती म्हणायची, फोनवर काय कळतंय, टकल्या, घेऊन ये.

मुलानं, सुरेशनं, आईला खूश करायला खोलीत गुळगुळीत फरशी घातली. आम्ही दोघं तेव्हा चार दिवस देवदर्शनाला गेलो होतो. परत येऊन काशीनं एक टाळी वाजवली आणि चेहरा पाडला. "फरशी आवाज परत फेकतेय. उखडा." सुरेश रडकुंडीला आला. "आय, लोक हसतील." "हसूं दे, त्यांना टेप ऐकायचा नाय." फरशी उखडली, माती चोपली, तिनं शेणानं सारवली. भिंतींना गोधड्या टांगल्या. कोपऱ्यांत दोन जुन्या कणग्या ठेवून त्यात भाताचं तूस भरलं, तर जनरेटरचा घुमारा निम्मा झाला. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती टाळी वाजवत खोलीभर फिरायची, आणि जिथं टाळी टणकायची तिथं काहीतरी टांगायची.

तरी नाव येईना. माझे कान तोवर गेले होते. मोठ्यानं बोललेलं कळतं, बारीक काही कळत नाही, भोंग्यांखाली आणि जनरेटरशेजारी आयुष्य काढल्यावर दुसरं काय होणार. टेपच्या हेडला, म्हणजे फितीला टेकणाऱ्या तोंडाला, एक बारीक स्क्रू असतो, त्यानं हेड सरळ करतात. मी प्रत्येक मशीनवर तो अगदी नेमका सरळ करून द्यायचो, त्याचा मला गर्व होता. मागच्या दिवाळीनंतर एका दुपारी काशी एकदम म्हणाली, "तेव्हाचा तुमचा टेपरेकॉर्डर मंजुळेच्या लग्नाआधी जत्रंत आपटला होता ना? त्याचं तोंड वाकडं नसंल?" वाकड्या तोंडानं भरलेला टेप मी वीस वर्षं सरळ तोंडानं वाजवत होतो.

तिला खुर्चीवर बसवलं आणि मी स्क्रू वाकडा करत गेलो. मला काही ऐकू येत नव्हतं, मी फक्त तिचं बोट बघत होतो. बोट वर, म्हणजे अजून. अजून… अजून… मग बोट खाली. हातानंच सांगितलं, मागं घ्या. तीन वेळा तेवढाच तुकडा ऐकला. मग उठून माझ्या कानाशी आली.

"माझं नाव नाय घेतलं."

मी म्हटलं, जाऊ दे गो. झालं ते झालं.

"तुमचं घेतलं. 'दामूची राणी' म्हनली आय."

मी म्हटलं, खोटं. ती म्हणाली, "भोंगेवाल्याच्या बायकोचे कान हायेत, खोटं ऐकत नाय." थोरलीला माहेरच्या नावानं, धाकटीला माहेरच्या नावानं, आणि मधलीला माझ्या. आम्ही सगळी वर्षं काशी शोधत होतो. जे नाव दारात काढायचं नाही म्हणून सांगितलं होतं, ते तिनं भर मांडवात, हळदीपुढं गाऊन घेतलं होतं. आणि मी कुडापलीकडं जनरेटरला तेल घालत होतो.

नंतर मुरबाड-शहापूरच्या बायका जुने टेप पदरात बांधून यायच्या. कुणाची आई, कुणाची आजी. प्रत्येक टेपचं तोंड वेगळं वाकडं. काशी बोट वर करायची, मी स्क्रू फिरवायचो. किती बायका त्या खुर्चीवर रडल्या असतील, मी मोजल्या नाहीत. काशी त्यांना पाणी द्यायची आणि पुढच्या बाईला आत बोलवायची.

आता बोट वर करणारं कुणी नाही. सुरेश विचारतो, बाबा, तुमाला ऐकू येत नाय, मग खोलीचं काय करायचं? दुपारी जेवण झालं की मी तो टेप लावतो. मशीनवर आवाजाचा काटा असतो, तेवढा मला दिसतो. जनरेटरवर तो थरथरत राहतो, आणि मग एका जागी दोनदा वर उडी मारतो. दा. मू. काटा उठला की मी ओ देतो. बहिऱ्याचा आवाज, मोठाच निघतो. काल वैशाली भांडी टाकून दारात आली. "काय झालं बाबा? कुणाला ओ दिली?"

"सासूनं हाक मारली," मी म्हटलं. "लई वर्षं राहिली होती द्यायची."