भरतीला निघालेला धक्का

काल गच्चीवर डांबर ओतत होते. त्या वासाने मला थेट पन्नास सालच्या आसपासच्या डोंबिवलीच्या खाडीवर नेलं.

डांबर फासलेल्या पिंपांवर फळ्या ठोकून बाबांनी होडीसाठी तरंगता धक्का केला होता. बैलगाडीतून आणून तो ओहोटीच्या चिखलात खुंट्यांना बांधला, नारळ फोडला. पहिलं पाऊल आईचं. आधाराला बांबू घेऊन ती महाराणीसारखी वर उभी राहिली. समोरच्या काठावर तिचं माहेर.

"तिकडे जायचं मात्र दिवाळीनंतर," बाबांनी बजावलं.

भरती चढली, खुंट्या उखडल्या आणि धक्का आईसकट पलीकडे निघाला.

"अगं, बांबू टेकव," गुडघाभर चिखलात रुतलेले बाबा ओरडले. मी भोकाड पसरलं.

"भात झाकून ठेवलाय हो," पाण्यावरून आईचा आवाज आला.

तेव्हा वाटलं, आई कायमची गेली. आज दिसतो तो तिच्या हातातला बांबू. तिने तो एकदाही पाण्यात घातला नाही.