आत्याची दुपारची गस्त

विरारच्या चंदनसारला पोलीस चौकी नसती तरी चाललं असतं, कारण आमच्याकडे आत्या होती. नर्सची नोकरी संपवून ती माझ्याकडे राहायला आली आणि महिन्याभरातच आमच्या सोसायटीत भरदुपारी दोन घरफोड्या झाल्या. सगळे कामाला मुंबईत, इमारती ओस. चौकीवर म्हणाले, माणसं कमी आहेत, तुम्हीही जरा लक्ष ठेवा. सभेत अध्यक्षांनी विचारलं, "दुपारी गस्त कोण घालणार?" सगळ्यांनी मोबाइलमध्ये माना घातल्या. हात एकच वर झाला.

दुसऱ्या दिवसापासून गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट घालून आत्या चारही इमारतींचे जिने पालथे घालू लागली. तिचा पाय एका जागी ठरत नसे. जेवणसुद्धा खिडकीशी उभ्यानंच, एक डोळा फाटकावर ठेवून. पार्सलवाल्यांची ती अशी उलटतपासणी घ्यायची, की ते पत्ताच विसरत. निर्मळ गावाहून सायकलवर केळी आणणारा म्हातारा एकदा वैतागून म्हणाला, "बाय, मना पानी तरी पिऊ दे, मंग इचार." तिनं पाणी दिलं आणि मग विचारलंच. एकदा पाइपवरून दुसऱ्या मजल्यावर चढणारा माणूस बघून तिनं एवढ्या जोरात शिट्टी फुंकली, की तो तिथेच लटकून राहिला. निघाले आमचे अध्यक्षच. किल्ली घरात राहिली होती. "अध्यक्ष असाल, पण आधी खाली उतरा!" आत्या ओरडली.

लोक हसायचे. मीही हसायचो. पण एका दुपारी तिला आमच्या वरच्या मजल्यावर, एकट्या राहणाऱ्या काकूंच्या दाराला सकाळची दुधाची पिशवी तशीच लटकलेली दिसली. बेल वाजवली, हाका मारल्या आणि मग कुणाची वाट न बघता तिनं कोपऱ्यावरच्या सुताराला आणून दार तोडायला लावलं. काकू न्हाणीघरात पडल्या होत्या, शुद्ध जेमतेम. त्या वाचल्या. संध्याकाळी मी कौतुक करायला गेलो, तर आत्या रडत होती. "सकाळी भाजीला जाण्याआधी वर डोकावले होते रे. तेव्हाही पिशवी होती. मी थांबले कशी नाही?"

पुढे सोसायटीनं पगारी रखवालदार ठेवले, कॅमेरे लावले. शाल-श्रीफळ देऊन आत्याचा सत्कार झाला, "आता आराम करा," म्हणून सगळ्यांनी सांगितलं.

परवा मला सुट्टी होती. दुपारी दोनला आत्या भिंतीकडे तोंड करून आडवी झाली होती. तिला असं मी पहिल्यांदाच बघत होतो. मला ते बघवेना. चपला सरकवून बाहेर पडलो आणि चारही जिने चढून-उतरून आलो.

दार तिनंच उघडलं. माझ्या कपाळावरचा घाम बघून हळूच म्हणाली, "गच्चीपर्यंत गेलास ना?"